विश्लेषण : छोट्या होडीसाठी विजेवरची मोटर निवडताना काय पाहावे?

पेट्रोलचा खर्च, इंजिनाचा आवाज आणि वल्हे मारून भरून येणारे हात यांवर उपाय म्हणून बॅटरीवर चालणारी ‘ट्रोलिंग मोटर’ छोट्या होड्यांसाठी उपयोगी ठरते. पण पाण्यावरची मोटर म्हणजे घरातला पंखा नव्हे. ती बंद पडली तर माणूस पाण्याच्या मध्यावर अडकतो. मोठ्या जलाशयात वारा किती अचानक उठतो, हे उजनीत दिसले आहे. तिथे मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. म्हणून मोटर घेताना पहिला प्रश्न ‘किती वेगाने जाते’ हा नसून ‘परत आणते का’ हा असायला हवा.

ट्रोलिंग मोटर म्हणजे काय?

नावावरून गैरसमज होतो, पण खोल समुद्रात जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरशी या मोटरीचा संबंध नाही. चालत्या होडीमागे गळ संथपणे ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात. १९३४ साली अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी मोटारगाडीच्या स्टार्टर मोटरला पंखा जोडून असे यंत्र बनवले. ‘मिन कोटा’ या कंपनीची सुरुवात त्यातूनच झाली. आजच्या मोटरीत दांड्याच्या खालच्या टोकाला मोटर व पंखा असतो, वर दिशा आणि वेग बदलण्याची मूठ असते. होडीच्या मागच्या फळीला ती शिकंज्याने आवळली की झाले. आवाज जवळपास नसल्याने उथळ पाण्यात मासे बुजत नाहीत.

किती ताकदीची मोटर लागते?

या मोटरीची ताकद अश्वशक्तीत नव्हे, तर रेट्याच्या पाउंडात सांगतात. ५५ पाउंड म्हणजे साधारण २५ किलोचा रेटा. ढोबळ हिशेब असा, की एकूण वजनाच्या दर ४५ किलोमागे किमान दोन पाउंड रेटा हवा. होडी, दोन माणसे, बॅटरी, जाळे आणि मासळी मिळून ४०० किलो भरत असतील, तर हिशेबाने १८ पाउंड पुरतात. पण हा हिशेब शांत पाण्याचा. वारा आणि प्रवाह धरला तर दुप्पट-तिप्पट, म्हणजे ४० ते ५५ पाउंडांची मोटर घेणे शहाणपणाचे. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक मोटरी ५५ पाउंडांच्या आसपास थांबतात. त्यापुढे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात.

रेटा वाढला म्हणून वेग त्या प्रमाणात वाढत नाही. ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका वेग धरावा. त्यामुळे खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या जोरदार ओढीविरुद्ध हिच्या भरवशावर जाऊ नये. ते काम आउटबोर्ड इंजिनाचे.

खरी गोम बॅटरीत का असते?

५५ पाउंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर वीज ओढते. १०० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे पूर्ण वेगात जेमतेम तासभर. हीच मोटर मंद वेगात १५ अँपिअर घेत असेल, तर तीन तास चालते.

ट्रॅक्टरची किंवा गाडीची बॅटरी काढून लावण्याचा मोह टाळावा. ती काही सेकंद जोराचा झटका देण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास वीज पुरवण्यासाठी नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी तास टिकवते, पण ती खूप जड असते आणि होडी हेलकावली की आम्ल सांडण्याची भीती असते. त्यापेक्षा बंद प्रकारची डीप सायकल बॅटरी बरी.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि तिची ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते. मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, तिच्यातील संरक्षक सर्किट सलग किती अँपिअर देते? ते ३०-४० अँपिअरचेच असेल, तर पूर्ण वेग देताच बॅटरी स्वतःला बंद करून घेईल, नेमकी वाऱ्यात. दोन, मोटरीवरचे बॅटरीचे दिवे बहुधा शिसे-आम्ल बॅटरीच्या व्होल्टेजनुसार लागतात. लिथियमचे व्होल्टेज शेवटपर्यंत फारसे उतरत नसल्याने ते दिवे ‘भरलेली’ दाखवत राहतात आणि मग एकदम अंधार. त्यासाठी खर्च झालेले अँपिअर-तास मोजणारे वेगळे मीटर लावावे.

मोटरीत काय तपासावे?

पाच ठरावीक वेग देणाऱ्या स्वस्त मोटरीत कमी वेगावर वीज उष्णतेत वाया जाते. वेग अखंड कमी-जास्त करता येणारी मोटर महाग असली तरी तेवढ्याच बॅटरीत जास्त वेळ चालते. दांडा एवढा लांब हवा, की पंख्याचे वरचे टोक किमान १५ सेंटिमीटर पाण्याखाली राहील. नाहीतर लाटेत पंखा हवेत फिरतो आणि रेटा जातो.

धरणातल्या गोड्या पाण्यासाठीची मोटर खाडीत वापरू नये, खारे पाणी तिला आतून खाते. खाडीसाठी खाऱ्या पाण्याची म्हणून बनवलेली, झीज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा असलेली मोटर घ्यावी आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुवावी.

दुकानदाराला विचारण्याचा शेवटचा प्रश्न : पंखा, पंख्याची पिन आणि दांड्याचे सील सुटे मिळते का? बुडालेल्या खोडावर किंवा दगडावर पंखा आपटला, की ही पिन तुटून मोटर वाचवते. सुटी पिन, नट आणि पाना होडीतच असावा. हे भाग मिळत नसतील, तर मोठ्या नावाची मोटरही एका हंगामाची पाहुणी.

मोटर बहुधा कशाने बंद पडते?

बहुतेकदा मोठ्या बिघाडाने नव्हे. बारीक वायरने, सैल जोडाने आणि पंख्यामागे गुंडाळलेल्या दोऱ्याने. बारीक वायर तापते आणि रेटा कमी करते, म्हणून ५० अँपिअरसाठी १० ते १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर हवा. जाळ्याचा किंवा गळाचा दोरा पंख्यामागे अडकला, तर तो सील कापतो आणि मोटरीत पाणी शिरते. दर काही फेऱ्यांनी पंखा काढून पाहणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

पाण्यावर कोणता नियम पाळावा?

बॅटरीचे तीन भाग मनात करावेत : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक वाऱ्यासाठी. जाताना शक्यतो वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. आणि मोटर कितीही भरवशाची असली, तरी लाइफ जॅकेट अंगावर आणि वल्हे होडीत हवेच.