फांदी कुठून कापणार?

पहाटे 5
मे महिना. जळगावात दहानंतर झाडावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून मेहरूणहून आम्ही तिघे अंधारातच निघतो. टेम्पोत दोर, कमरेचा पट्टा, हेल्मेटं, करवत, फांद्या कापायचं मशीन.

सकाळी 6
पिंप्राळ्यात कडुनिंब. जाड फांदी गच्चीवर आलेली, शेजारून विजेची तार. लाईनमनचा ‘बंद केली’ असा फोन येईपर्यंत पाय जमिनीवरच.

फांदी दोराला बांधली. पहिला काप खालून, थोडासाच. दुसरा वरून, वीतभर पुढे. एकदम वरूनच कापली, तर पडताना ती खोडाची साल सोलत नेते. उरलेला खुंट शेवटी. फांदीच्या बुडाशी सालीचं फुगीर वळं असतं, त्याच्या बाहेरून. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड कुजका भाग आतच कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. वळंच कापलं, तर कूज खोडात उतरते.

सकाळी 9.30
शेजारच्या काकांनी त्यांच्या झाडाचा भाव विचारला.
“चार हजार? परवाचा तर म्हणाला, पैसे नकोत, लाकूड माझं.”
“मग काका, तो जाडच फांद्या काढणार. वखारीत वजनावर पैसे मिळतात.”
माझ्या चार हजारांत दोघांची मजुरी, डिझेल, विम्याचा हप्ता आहे. फुकटवाल्याची मजुरी झाड देतं. काका ‘बघू’ म्हणाले.

सकाळी 11
महापालिकेत दुसऱ्या गिऱ्हाइकाचा अर्ज. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं आडवं करणं नव्हे. जाळणं, इजा करणंही त्यात येतं. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा झाड ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावणं आलं. अर्जात झाडाची जात, घेर, कारण सगळं विचारलं. मशीन धरणाऱ्याला काम येतं का, हे मला इतक्या वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

दुपारी 1
भाकरी, ठेचा, झोप. या उन्हात मशीन चालवायचं नाही, हा आमचा आम्हीच केलेला नियम.

दुपारी 4.30
एरंडोल, पारोळा करत धुळ्याला. देवपुरातला गुलमोहर. गेल्या वर्षी मालकांना माझा भाव महाग वाटला होता. स्वस्तातल्यानं शेंडा उडवून झाड बोडकं केलं. आता प्रत्येक खुंटाभोवती कोंबांचा झुपका. ते सालीलगतच धरलेले, वजन वाढलं की वादळात निखळतात. खाली गाडी उभी असते.
“आते कितला लेशी?” मालकांनी विचारलं.
गेल्या वर्षीपेक्षा जास्त सांगितले. एका छाटणीत हे निस्तरत नाही. थोडे कोंब ठेवायचे, बाकीचे विरळ करायचे, तेही दोन-तीन वर्षं.

रात्री 8
परतीच्या वाटेवर काकांचा फोन. काम फुकटवाल्याला दिलं.

तुम्हीही भाव विचाराच. पण त्याआधी विचारा, फांदी कुठून कापणार? ‘खोडाला घासून’ म्हणाला, तर फुकटातही झाडाला हात लावू देऊ नका.