विश्लेषण : टोळीयुद्धातील सूडाचे चक्र थांबत का नाही? पुण्यातील घटना काय सांगतात?

भांडण एकाचे आणि जीव दुसऱ्याचा, असे पुण्यात पुन्हा पुन्हा घडत आहे. मारणारे आणि मरणारे यांत विशी-बाविशीतील मुलांची संख्या मोठी आहे. हे चक्र कसे फिरते आणि ते कुठे तोडता येते, याविषयी.

घटनाक्रम काय?

१ सप्टेंबर २०२४ रोजी नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा गोळीबार आणि कोयत्याचे वार करून खून झाला. अटक झालेल्यांत जवळचे नातेवाईकही होते. वर्षभराने, ५ सप्टेंबर २०२५ रोजी, विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या रात्री त्याच नाना पेठेत एका तरुणाला त्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. तो वनराज खून खटल्यातील एका आरोपीचा मुलगा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोंढव्यात याच खटल्यातील दुसऱ्या एका आरोपीचा भाऊ मारला गेला. वनराज यांच्या खुनाचा हा बदला असल्याचा पोलिसांचा आरोप आहे. त्यावर निकाल न्यायालय देईल.

सूड हा प्रकार नवा आहे का?

नाही. २००६ मध्ये संदीप मोहोळचा, तर २०१० मध्ये किशोर मारणेचा खून झाला. दुसऱ्या खुनात शरद मोहोळचे नाव आले. ५ जानेवारी २०२४ रोजी सुतारदऱ्यात शरद मोहोळवरच गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे त्याच्याच सोबत वावरणारे होते आणि मुख्य आरोपी जेमतेम विशीतला होता. आरोपीच्या नातेवाइकाशी असलेले जुने वैर हे कारण तपासात पुढे आले. वैर मागच्या पिढीचे आणि हत्यार पुढच्या पिढीच्या हाती, हा धागा दोन्ही प्रकरणांत दिसतो.

मुले टोळीत कशी ओढली जातात?

सुरुवात बहुतेक वेळा गुन्ह्याने होत नाही. चौकातील कट्टा, मंडळाची वर्गणी, वाढदिवसाचा फ्लेक्स, तलवारीने कापलेला केक यातून ‘भाई’शी ओळख होते. शाळा सुटलेली, हाताला काम नाही, घरात विचारणारे कोणी नाही, अशा मुलाला तिथे पहिल्यांदा कोणीतरी नावाने ओळखते. मग किरकोळ कामे सांगितली जातात : निरोप पोहोचवणे, कोणावर तरी पाळत ठेवणे, गाडी आणून देणे. पहिला गुन्हा दाखल झाला की परतीची वाट अरुंद होते. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी अडते आणि जामिनासाठी टोळीच धावून येते.

‘खुन्नस’ खुनापर्यंत कशी जाते?

‘माझ्याकडे बघतोस काय’ एवढ्यावरून वाद पेटल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत. पूर्वी असा वाद गल्लीत संपायचा. आता मारहाणीचे चित्रीकरण होते, रील फिरते, खाली डिवचणाऱ्या प्रतिक्रिया येतात. मार खाल्लेल्याला उत्तर द्यावे लागते, कारण अपमान सगळ्यांनी पाहिलेला असतो. मित्राचा खून झाला असेल, तर गप्प बसणारा भित्रा ठरतो. सूड न घेतल्यास आपलाच नंबर लागेल, ही भीतीही असते. त्यामुळे अनेकदा सूड ही रागापेक्षा भीतीची प्रतिक्रिया ठरते. मूळ शत्रू तुरुंगात असेल, तर नेम त्याच्या भावावर किंवा मुलावर धरला जातो.

कोयता का?

ऊस तोडायला, नारळ सोलायला लागणारे हे अवजार स्वस्त आहे आणि सहज मिळते. २०२२च्या अखेरीस सिंहगड कॉलेज परिसरात कोयते परजत फिरणाऱ्या तरुणांची चित्रफीत पसरली आणि ‘कोयता गँग’ हा शब्द घरोघरी पोहोचला. प्रत्यक्षात ती एक टोळी नाही. लहान-लहान टोळक्यांची ती एकच पद्धत आहे.

कायदा काय सांगतो?

टोळ्यांविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा ‘मकोका’ आहे, स्थानबद्धतेसाठी १९८१ चा ‘एमपीडीए’ आहे आणि तडीपारीची तरतूदही आहे. अठरा वर्षांखालील मुलांना २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते आणि खटला प्रौढांप्रमाणे चालवायचा की नाही ते ठरवते. कमी चर्चा होते ती मुलांना वापरणाऱ्या प्रौढांची. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये मुलाला गुन्ह्यासाठी वापरल्यास किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

केवळ कठोर कारवाई पुरेशी आहे का?

अटकेने हल्लेखोर बाजूला होतो, पण वैर शिल्लक राहते. तुरुंगात कच्चा गुन्हेगार सराईताच्या संगतीत येतो. आरोपींची धिंड काढली, तरी तिचेही रील बनते. अमेरिकेतील बॉस्टन शहराने १९९६ मध्ये वेगळा मार्ग घेतला. पोलीस, समाजसेवक आणि धर्मगुरूंनी टोळ्यांतील तरुणांना समोर बसवून सांगितले, की एकाने गोळी चालवली तर अख्ख्या टोळीवर कारवाई होईल आणि बाहेर पडायचे असेल तर मदत मिळेल. त्यानंतर तरुणांच्या हत्यांत ६३ टक्के घट झाल्याचे मूल्यमापनात आढळले. शिकागोत २००० मध्ये साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी हिंसेकडे साथीसारखे पाहिले. एक हल्ला झाला की पुढचा होण्याआधी, वस्तीत वजन असलेली माणसे रुग्णालयात, घरी जाऊन सूडाची भाषा थंड करतात. या प्रयोगाचे परिणाम सगळीकडे सारखे नाहीत, पण वेळ महत्त्वाची, हा त्याचा धडा स्पष्ट आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

खुनानंतरचे काही दिवस, वर्षश्राद्ध, आरोपीचा जामीन आणि सुटका हे धोक्याचे काळ असतात. तेव्हा आरोपींच्या भावा-मुलांवरही लक्ष हवे, संशयित म्हणून नव्हे, तर संभाव्य बळी म्हणून. विशेष बाल पोलीस पथक आणि परिवीक्षा अधिकारी यांची तरतूद कायद्यात आहेच. घरच्यांनीही अचानक आलेले पैसे, महागडी गाडी, शाळा-कॉलेजातील गैरहजेरी आणि मोबाइलमधील हत्यारांची छायाचित्रे याकडे ‘वय आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि तातडीच्या धोक्यासाठी ११२ हे क्रमांक चोवीस तास सुरू असतात.