लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी

मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या इन्सुलिनवर अवलंबून नाहीत. त्यांचा नेम धरलेला असतो मूत्रपिंडातल्या एका वाहक प्रथिनावर.

पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून ग्लुकोज आपोआप आरपार जात नाही. ते आत न्यायला आवरणात वाहक प्रथिनं बसलेली असतात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज नलिकांत उतरतं. तरी निरोगी माणसाच्या लघवीत साखर सापडत नाही. नलिकेच्या सुरुवातीलाच एसजीएलटी-२ हे प्रथिन तिचा सुमारे नव्वद टक्के भाग परत घेतं, उरलेला पुढे एसजीएलटी-१ घेतं.

हे घडतं कसं? पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेला पंप सोडियम सतत बाहेर फेकतो. त्यामुळे आत सोडियमचा तुटवडा असतो आणि नलिकेतला सोडियम आत घुसायला पाहतो. एसजीएलटी-२ नलिकेच्या बाजूने उघडतं, एक सोडियम आणि एक ग्लुकोज धरतं, मग आकार बदलून आतल्या बाजूने उघडतं आणि दोन्ही सोडून देतं. सोडियमच्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं.

ही वाट अडवणारा पदार्थ प्रथिनाच्या कितीतरी आधी हाती आला होता. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं आणि ते दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखवलं. पण औषध म्हणून ते चाललं नाही. पोटात गेल्यावर आतड्यातच त्याचे तुकडे होत आणि ते एसजीएलटी-१ लाही अडवत असे. एसजीएलटी-१ आतड्यातही असतं. ते अडलं की साखर आतड्यात साचून जुलाब होतात.

रसायनशास्त्रज्ञांनी मग फ्लोरिझिनमधला साखरेचा जोड बदलला. ऑक्सिजनच्या जागी थेट कार्बनचा बंध आला, जो आतड्यातल्या विकरांना सहजी तुटत नाही. बाकीची रचना अशी बेतली, की रेणू मुख्यतः एसजीएलटी-२ मध्येच अडकावा. माझ्या मते खरी करामत ही निवड साधण्यात आहे. डापाग्लिफ्लोझिनला २०१२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पुढे हृदय निकामी होण्याच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारातही ही औषधं उपयोगी ठरली.

ही गोळी चालू असताना लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर दिसणारच, त्याने घाबरू नका. जननेंद्रियांची स्वच्छता मात्र सांभाळा. आणि कडक उपवास, उलट्या किंवा शस्त्रक्रिया असेल, तर गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना आधीच विचारा, कारण अशा वेळी रक्तात किटोन आम्लं धोकादायक पातळीला जाऊ शकतात.