छेदातली माणसे

रुग्ण बरा झाला की डॉक्टरांच्या कामाचा पुरावा समोर चालत येतो. न झालेल्या पक्षाघाताचा पुरावा कुठून आणणार? प्रतिबंधक काम दवाखान्यात किती नीट चालते, हे मोजणे त्यामुळेच अवघड. मी डॉक्टर नाही. आकड्यांच्या नादाने या विषयाकडे वळलो, आणि रेंगाळलो ते दक्षिण वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात.

तिथे १९६१ पासून डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट काम करत. ब्रिटिश आरोग्यसेवेत माणसाचे नाव ठरावीक डॉक्टरच्या यादीत असते. हार्ट यांच्या यादीत जवळजवळ सगळे गावच होते. समजा, दवाखान्यात शंभर प्रौढ आले आणि नव्वदांचा रक्तदाब तपासला, तर काम नव्वद टक्के झाले. पण गावात प्रौढ तीनशे असतील तर तेच काम तीस टक्के ठरते. अंश तोच, छेद बदलला. हार्ट यांनी छेदात सारे गाव धरले. ज्याची तपासणी राहिली असेल तो खोकल्यासाठी आला तरी त्याचा रक्तदाब पाहायचा, आणि जो येतच नाही त्याला शोधायचे. १९९१ साली त्यांनी पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. शेजारच्या तशाच खाणगावापेक्षा इथले अकाली मृत्यू एक चतुर्थांशाहून अधिक कमी होते.

पुढे २००४ मध्ये ब्रिटन सरकारने अशा मोजणीला पैसे जोडले. १४६ निकष, १०५० गुण. गुणांप्रमाणे दवाखान्याला मोबदला. पहिल्याच वर्षी इंग्लंडमधली सरासरी साडेनऊशेच्या वर गेली. (आपल्याकडच्या दहावीच्या निकालांची आठवण व्हावी!) एक सोय मात्र होती : वारंवार बोलावूनही न येणाऱ्या, किंवा उपचार न झेपणाऱ्या रुग्णाला हिशेबातून वगळता येई. मरणपंथाला लागलेल्या माणसामागे कोलेस्टेरॉलसाठी लागू नये, हे बरोबरच. पण न येणारा ज्या दाराने बाहेर गेला, त्यालाच हार्ट आत आणू पाहत होते, हे मला विसरता येत नाही. स्कॉटलंडने ही पद्धत २०१६ मध्ये बंद केली.

आपल्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांना अशी यादीच नसते. आला तो रुग्ण. खेड्यात निदान आशाताई तिशीपुढच्यांचे फॉर्म भरतात, नर्सबाईंच्या नोंदवहीत गरोदर बायका आणि बाळे असतात. पण दिवाळीच्या आगेमागे बीडकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. बाळाचे नाव गावच्या वहीत, बाळ कारखान्याजवळच्या कोपीत, आणि लसीची तारीख मधल्याच कुठल्या तरी आठवड्यात. गावची नर्स त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ लिहिते. कारखान्याकडच्या नर्सच्या वहीत त्याचे नाव कोणी घातले, एवढेच मला मोजायचे आहे.