कृष्णविवरांची जोडी जमते कुठे?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या ‘लायगो’ वेधशाळांना एक बारीकशी थरथर जाणवली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. एक सूर्याच्या साधारण ३६ पट जड, दुसरे २९ पट. मिलनाची वार्ता कळली. पण ही जोडी जमली कुठे आणि कधी?

एकमेकांभोवती फिरणारी कृष्णविवरे गुरुत्वीय लहरींवाटे ऊर्जा गमावतात आणि जवळ येत जातात. पण किती सावकाश! पृथ्वी आणि सूर्य यांच्याइतक्या अंतरावर ती वर्तुळात फिरत असतील, तर विलीन व्हायला विश्वाच्या आजच्या वयाच्या कित्येक शेपट काळ लागेल. अंतर निम्मे झाले, की हा काळ सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे आरंभीच ती या अंतराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी जवळ हवीत. आणि ज्या ताऱ्यांच्या मृत्यूतून ती जन्मतात, ते तारे तर उतारवयात याहून कितीतरी मोठे फुगतात!

शास्त्रज्ञ यावर मुख्यतः दोन वाटा सांगतात. पहिली जन्मजात जोडीची. दोन प्रचंड तारे शेजारी जन्मतात. एक फुगला, की कधी दोघांभोवती वायूचे एकच पांघरूण पडते; त्यातून फिरताना ते जवळ ओढले जातात. मात्र ताऱ्यात हेलियमहून जड मूलद्रव्ये कमी हवीत. नाहीतर बरेचसे द्रव्य वाऱ्यासारखे उडून जाते आणि मागे हलके कृष्णविवर उरते. असे तारे विश्वाच्या तरुणपणी पुष्कळ होते. आजही ते लहान दीर्घिकांत सापडतात.

दुसरी वाट गर्दीची. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून दक्षिणेला, नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी अंधूक ठिपक्यासारखा दिसतो. तो लाखो ताऱ्यांचा गुच्छ आहे. अशा गुच्छांत जड कृष्णविवरे मध्याकडे सरकतात. जोडीजवळ तिसरे आले, की बहुधा एक जण बाहेर भिरकावला जातो आणि उरलेल्या दोघांची जोडी अधिक घट्ट होते.

जन्म आणि मिलन यांत अब्जावधी वर्षेही जाऊ शकतात. त्यामुळे आज शांत, म्हाताऱ्या दीर्घिकेत मिटलेली जोडी तिच्या ऐन तारुण्यातली असू शकते. एक खूण अशी: जन्मजात जोडीतली कृष्णविवरे बहुधा एकाच दिशेने गिरक्या घेतात, गर्दीतली कशीही.

अशा मिलनात सहसा प्रकाश दिसत नाही. लहर नेमकी कुठून आली हे ठरवायला दूरदूर वेधशाळा लागतात. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळच्या ‘लायगो-इंडिया’ला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, ती यासाठीही.