प्रगतिपत्रकातली श्रेणी येते कुठून?

लालबाग-परळची महापालिका शाळा असो वा गिरगाव-दादरची अनुदानित, सहावी-सातवीच्या प्रगतिपत्रकावरची श्रेणी आकारिक आणि संकलित अशा दोन मूल्यमापनांतून येते. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा.

पालकांनी विचारायचं ते आकारिकबद्दल. 2010मध्ये राज्यात आलेल्या या पद्धतीने सहावीत त्याला 50, सातवीत 40 टक्के भार दिला. त्यात तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय, चाचणी येतात. सोबत शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदी. ‘अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करायला विसरते’ अशी एक नोंद घरच्यांना नुसत्या ‘ब-1’पेक्षा कितीतरी जास्त सांगते. पालकसभेत ती आवर्जून मागावी.

ही मागणी शाळेच्या व्यवस्थापन समितीतही मांडता येते: 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार महापालिका आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.