सेकंदाला ४८,००० नमुने

संगणकाला आवाज म्हणजे नुसते आकडे. दर सेकंदाला ४८,००० नमुने, डावा-उजवा धरून प्रत्येकी चार बाइट. पाच मिनिटांचं गाणं ५ कोटी ७६ लाख बाइटांचं. आजच्या यंत्राला हे किरकोळ. दोन नमुन्यांमध्ये २०.८ मायक्रोसेकंद जातात, आणि तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ६२,५०० ठोके मारून मोकळा होतो. तरीही आवाज तुटतो!

साउंड कार्डाचा ड्रायव्हर लिहायला बसलेल्या नवख्याला वाटतं, एकेक नमुना आपणच कार्डाला भरवायचा. छे! लिनक्सच्या ‘अल्सा’ या ध्वनियंत्रणेत ड्रायव्हर कार्डाला मेमरीतल्या गोल बफरचा पत्ता देतो, डीएमए, म्हणजे मेमरी थेट वाचणारं हार्डवेअर, प्रोसेसरला न विचारता तिथून परस्पर माल उचलतं. बफरचा एक भाग, म्हणजे ‘पीरियड’, वाजून संपला की इंटरप्ट येतो. २५६ नमुन्यांचा पीरियड असेल तर दर ५.३३ मिलिसेकंदांनी. असे चार पीरियड म्हणजे २१.३ मिलिसेकंदांची शिल्लक. प्रोसेसर तेवढा वेळ दुसरीकडे अडकला की बफर रिकामा, आणि स्पीकरमधून ‘टक्’. याला ‘एक्सरन’ म्हणतात.

मग बफर सेकंदभराचा का करू नये? गाणं ऐकायला खुशाल करा. पण कीबोर्डवर सूर दाबणाऱ्याला तो सेकंदाने ऐकू येईल, जणू स्पीकर ३४३ मीटरांवर ठेवलाय.

खरी गंमत स्ट्रीमिंगमध्ये. पाठवणाऱ्याचं घड्याळ वेगळं, वाजवणाऱ्याचं वेगळं. दोन्हींत दहा लाखांत फक्त ५० चा फरक धरा: सेकंदाला २.४ नमुने, तासाला ८,६४०. वाजवणारा पुढे पळत असेल तर १,०२४ नमुन्यांचा भरलेला बफर सात मिनिटांत कोरडा. यूएसबी कार्डाचं घड्याळही संगणकाहून असंच वेगळं, म्हणून असिंक्रोनस यूएसबी कार्ड संगणकाला स्वतःच आपली गती कळवत राहतं. एरवी दर मिलिसेकंदाला ४८ नमुने पाठवणारा ड्रायव्हर मग मध्येच ४७ किंवा ४९ पाठवतो.

सुरुवात करायची तर लिनक्सच्या सोर्समधला ‘डमी’ ड्रायव्हर वाचावा. त्याला कार्डच लागत नाही. टायमरवर तो वाजवल्याचं नाटक करतो. मात्र स्वतःचा लिहिताना नमुने ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मोजत असाल तर सांभाळा. ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ व्या नमुन्याला तो पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे २४ तास ५१ मिनिटांनी. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कळणारच नाही.